ज्युलिएटच्या बापाला काहीच माहीत नव्हतं

‘रोमिओ अँड ज्युलिएट’वर पहिल्यांदाच उत्तर लिहायला बसणाऱ्यांसाठी हे आहे. कथा सांगत नाही, ती ठाऊक असतेच. ठाऊक असते हीच तर अडचण.

सगळ्यांचे मार्क खाणारं वाक्य असं: “घराण्यांच्या वैरामुळे आईबापांनी विरोध केला आणि प्रेमी मेले.” हे आपण सिनेमातून उचलतो. शेक्सपिअरच्या नाटकात एकाही आईबापाने या लग्नाला नकार दिलेला नाही, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नाही! पोरांचं लग्न झालं होतं हे त्यांना पाचव्या अंकाच्या शेवटी, प्रेतं समोर असताना, लग्न लावणाऱ्या पाद्र्याकडून, फ्रायर लॉरेन्सकडून, कळतं.

उलट पहिला अंक पाहा. ज्युलिएटचा बाप, म्हातारा कॅप्युलेट म्हणतो, आमच्या वयाच्या माणसांना शांतता राखणं अवघड नसावं. त्याच्या घरच्या मेजवानीत ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट रोमिओला आवाजावरून ओळखून तलवार मागवतो, तेव्हा त्याला दटावतो तोही कॅप्युलेटच.

मग वैर मारतं कसं? लपवाछपवीतून. इथे घाई करू नका, हीच साखळी उत्तरात उतरली पाहिजे. वैर आहे म्हणून लग्न चोरून. चोरून म्हणून टिबल्टने डिवचल्यावर ‘आपण आता नातलग झालो’ हे रोमिओला उघड बोलता येत नाही. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, त्याला तो नेभळटपणा वाटतो, तो तलवार उपसतो. रोमिओ सोडवायला मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबल्टचा वार बसतो. रोमिओ टिबल्टला मारतो, हद्दपार होतो. इकडे पोरगी मामेभावासाठी रडतेय असं समजून बाप तिला मागणी घालणाऱ्या पॅरिसशी लग्नाची घाई करतो. तिचं लग्न आधीच झालंय हे सांगायची सोय नाही, म्हणून काही काळ मेल्यासारखं दिसायला लावणाऱ्या औषधाचा बेत. बेत गुप्त, म्हणून हद्दपार रोमिओ जिथे आहे त्या मँटुआला एकच चिठ्ठी, एकाच माणसाबरोबर. प्लेगच्या संशयावरून तो माणूस घरात कोंडला जातो. प्लेग हा योगायोग, मान्य. पण सगळा भार एका चिठ्ठीवर टाकला तो वैराने.

याचा अर्थ कॅप्युलेटला भला बाप ठरवा असा नाही. ३.५ मध्ये (तिसरा अंक, पाचवा प्रवेश) तो पोरीला रस्त्यावर मरायला सोडायची भाषा करतो.

वारांचा तक्ता स्वतः करा, गाईडमधला उतरवू नका. रविवारी मेजवानी, सोमवारी लग्न आणि दोन खून, मंगळवारी पहाटे ताटातूट. पॅरिसशी लग्न गुरुवारी ठरलेलं, ते कॅप्युलेट बुधवारवर आणतो, म्हणून औषधही एक रात्र आधी, मंगळवारी घेतलं जातं. गुरुवारी पहाटेआधी सगळं संपतं. शेक्सपिअरने ज्यावरून नाटक घेतलं त्या आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या मूळ काव्यात हेच कथानक कित्येक महिने चालतं. औषधाचा अंमल ४२ तास राहील असं नाटकात म्हटलंय, त्याचा हिशोब मात्र या तक्त्यात बसत नाही. त्यात डोकं घालू नका, तुमचं काही चुकलेलं नाही.

वैराचं कारणही शोधू नका, नाटकात ते दिलेलंच नाही. आणि ‘भाऊबंदकी’ हा शब्द टाळा. ही दोन वेगळी घराणी आहेत.

‘नशीब की स्वभाव’ असे दोन रकाने फळ्यावर आखून देणारे सर परीक्षेपुरते बरे. ३.१ वर्गात मोठ्याने वाचून घेणारे भेटले तर त्यांना सोडू नका. भाषा जड जाते, सगळ्यांनाच जाते. १.१, १.५, ३.१, ३.५ आणि ५.३ एवढे प्रवेश दोनदा वाचले तरी पाय रोवता येतात.

मृतांची यादी करताना रोमिओची आई हमखास सुटते; ती रंगमंचाबाहेर, मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने जाते. तिला धरून सहा. मर्क्युशिओ आणि पॅरिस दोन्ही घराण्यांतले नाहीत, ते राजाचे नातलग. शेवटी रोमिओचा बाप माँटेग्यू ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारतो म्हणतो, तर कॅप्युलेट लगेच रोमिओचाही तितकाच श्रीमंत पुतळा कबूल करतो. समेटातली ही चढाओढ उत्तरात लिहाच, गाईडांत ती सहसा नसते.