घरातलं देवघर चित्रात रंगवायचंय? आधी फोटो बाजूला ठेवा

श्रद्धा, ओळख वगैरे मोठे शब्द नंतर, आधी गावच्या घरातली एकच जागा पकडा, समजा चतुर्थीची माटवी (कोकणात गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट), आणि आठवेल तशी पेन्सिलने काढा, कवंडाळं, तिरडा, हरणं ही रानफळं-फुलं, शेंडीवाला नारळ कुठे टांगलेला ते सगळं. जे आठवत नाही ते रिकामंच सोडा आणि आजीला दाखवा, ती बरोबर चुका काढते (सोवळ्यात कोणाला शिवू देत नव्हते तेही सांगते, ते चित्रात यायलाच हवं). फोटो आता बघा, तोही फक्त प्रमाणासाठी.

समईचा उजेड म्हणजे पिवळा रंग थापणं नव्हे. अंधार अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून करा, ट्यूबमधला काळा नको, ज्योतीला पांढऱ्यात किंचित पिवळा, बस. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघाच, बोटांतून उजेड कसा लालसर झिरपतो, तेही जलरंगात!

ऑइल (तैलरंग) वापरत असाल तर पावसाळ्यात थर वाळायला जाम वेळ लागतो, घाई केली की वरचा तडकतो. आणि कॅनव्हास ओल आलेल्या भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते.