कोंबडीच्या पिल्लांचं पहिलं खाणं: रात्री पिशवी चाचपल्याशिवाय झोपू नका

खोकं, तूस, बल्ब हे सगळं पिल्लं येण्याआधीच तयार आहे आणि पिल्लांच्या उंचीवर ३४-३५ अंश ऊब आहे, असं धरून चालू. गिरिराज, वनराज या सुधारित जाती असोत की गावठी कोंबडी, पहिल्या आठवड्याचं खाणं सगळ्यांचं सारखंच.

पिल्लं आल्याबरोबर पाणी द्या. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम गूळ विरघळवायचा. ताटली उथळ हवी आणि तीत खडे टाकलेले हवेत, नाहीतर पिल्लं बुडतात. प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला टेकवा, नाकपुड्या बुडवू नका. गूळ फक्त पहिल्याच दिवशी. पुढे चालू ठेवला की पाणी आंबतं, पिल्लं पातळ हगतात, मुंग्या लागतात ते वेगळंच.

दोन तासांनी खाद्य. खरी गोम इथे आहे. अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात शिल्लक असतो आणि त्यावर ते दोन दिवस निघतं. म्हणजे दाणाही न टिपलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशीही टुणटुणीत दिसतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकतं. मग ‘रोग आला’ म्हणून औषधांची धावाधाव होते. रोग नसतो, उपासमार असते.

म्हणून पहिले तीन दिवस तुसावर खरबरीत पुठ्ठा अंथरा. तूस उघडं राहिलं तर पिल्लं तेच गिळतात, आणि गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात. पुठ्ठ्यावर चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) मूठमूठ पसरा आणि बोटाने टकटक करा; कोंबडी चोचीने हेच करते. खुडूक कोंबडी सोबत असेल तर हे काम तिच्यावर सोडा.

रात्री प्रत्येक पिल्लू हातात घ्या. मानेच्या तळाशी, त्याच्या उजव्या अंगाला खाद्याची पिशवी असते. ती मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर उत्तम. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी प्यायलेलं नाही. नुसती डुबुकडुबुक लागली तर पाण्यावरच भागवलंय. रिकामी असेल तर ते पिल्लू बल्बजवळ वेगळं घ्या, चोच पुन्हा पाण्यात, मग खाद्यात टेकवा आणि दोन तासांनी परत चाचपा. बऱ्याच पिशव्या रिकाम्या निघाल्या तर आधी ऊब तपासा. गारठलेली पिल्लं बल्बखाली गोळा होतात, खायला बाहेर पडतच नाहीत.

आता तांदळाच्या कण्यांबद्दल. ‘आमच्याकडे कण्यांवरच वाढतात’ हा सल्ला ऐकू नका. कण्यांत प्रथिनं ७-८ टक्के, पिल्लाला लागतात २० च्या आसपास. अंगणात आईमागे फिरणारं पिल्लू वाळवी, किडे खाऊन ती तूट भरून काढतं, खोक्यातलं कशावर भरणार? पिशवी भरलेली दिसते, पण पंख खाली लोंबतात, पिसं येत नाहीत, एकमेकांना टोचणं सुरू होतं. प्रथिनांसाठी बाजारातली खारवलेली सुकट घालणं तर त्याहून वाईट. इतकं मीठ पिल्लांना सोसत नाही.

लेयरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्यही नको. ते अंड्याच्या कवचासाठी असतं. त्यातलं कॅल्शियम पिल्लांचे मूत्रपिंड बिघडवतं. शिंपल्याचा चुरा याच कारणासाठी बाद.

पहिल्या आठवड्यात पिल्लामागे रोज १० ते १२ ग्रॅम खाद्य जातं, आठव्यात ५० च्या आसपास. एकूण पावणेदोन ते दोन किलो. म्हणजे दहा पिल्लांना वीस किलो पुरतं. पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. बुरशीचा वास आला तर उन्हात वाळवून वापरायचा मोह नको, कारण विष उन्हाने जात नाही. फेकून द्या.

चौथ्या दिवसापासून भांडं वापरा. ते तिसरा हिस्साच भरा आणि काठ पाठीच्या उंचीला ठेवा, नाहीतर निम्मं खाद्य तुसात जातं. तिसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर चिरलेला शेवग्याचा पाला चालेल, पण सोबत बारीक वाळू हवी. आठ आठवड्यांनी ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं खाद्य) द्या, मात्र एकदम नाही. चार-पाच दिवस दोन्ही मिसळून.