नारळी पौर्णिमेआधीची तयारी : छोट्या होडीने मासेमारीचा हंगाम सुरू करताना

कोकणात पावसाळ्याच्या अखेरीस ज्या हंगामाची वाट पाहिली जाते, तो समुद्राचा आणि खाडीचाच. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते आणि १ ऑगस्टला कागदावर समुद्र खुला होतो. परंतु कागद आणि दर्या यांचे पंचांग एक नसते. नारळी पौर्णिमा २०२० मध्ये ३ ऑगस्टला आली होती, तर २०२३ मध्ये ३० ऑगस्टला. तरीही जुनी माणसे नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत, कारण त्यांचा भरवसा तारखेपेक्षा लाटेवर अधिक होता. पुढील मार्गदर्शन दोन-तीन माणसांच्या, आउटबोर्ड इंजिनाच्या छोट्या होडीसाठी आहे. ही होडी तरत्या जाळ्याने किनाऱ्याजवळ मासे धरते आणि खाडीत चिंबोऱ्यांचे (खेकड्यांचे) पिंजरे लावते. ट्रॉलरवाल्यांचे गणित निराळे असते.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते जुलैतच उरकावे. नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, विमा आणि प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र यांच्या मुदती पाहून घ्याव्यात, कारण १ ऑगस्टच्या आठवड्यात मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना कार्यालयात सगळ्या बंदराची रांग असते. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. तिचा तक्ता मिळवून होडीवरच्या डब्यात प्लास्टिकमध्ये घालून ठेवावा. त्याच वर्षी राज्यमासा झालेल्या पापलेटाची बोटाएवढी पिल्ले विकून आपण पुढच्या वर्षीचे जाळे रिकामे करतो, हे सांगायला खरे तर तक्त्याची गरज पडू नये.

आता होडी. झापांच्या छपराखाली दोन महिने राहिलेल्या होडीची तपासणी भर उजेडात आणि कोरड्या दिवशी करावी. फायबरच्या होडीचा तळ बोटांच्या पेरांनी ठोकत जावे. जिथे आवाज बद्द येतो किंवा जिथे फोड आलेले दिसतात, तिथे पाणी आत शिरलेले असते आणि तो भाग घासून, पूर्ण वाळवून मगच राळ व कापड बसवावे. घाईने ओल्या भागावर थर चढवला, तर तो पहिल्याच उधाणात पापुद्र्यासारखा सुटतो. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, खालचा भाग वाळूवर घासतो, तर इंजिन बसते ती मागची फळी धक्क्याने सैल होते. या दोन जागांवर सर्वाधिक वेळ द्यावा. लाकडी होडीच्या फळ्यांमधील सांधे वाळून उघडे पडतात, ते सूत ठोकून आणि राळ-तेल भरून बुजवले, तरी पहिल्या दिवशी थोडे पाणी येतेच. म्हणून ती खाडीत उथळ पाण्यात एक-दोन दिवस बांधून ठेवावी, लाकूड फुगून सांधे आपोआप आवळले जातात आणि त्यानंतरही जे पाणी येईल तेच खरे गळणे समजावे. नवशिका माणूस नेमका हा धीर धरत नाही आणि न गळणाऱ्या फटीत डांबर ओतत बसतो.

इंजिनाच्या बाबतीत मात्र मी स्वतः शहाणपण उशिरा शिकलो. एका वर्षी टाकीत मे महिन्यापासून राहिलेले पेट्रोल तसेच वापरले आणि किनाऱ्यापासून दीड-दोन मैलांवर इंजिनाने दम तोडला. पंख्याला जाळे अडकले असेल म्हणून पाऊण तास वाकून पाहण्यात गेला आणि कार्बोरेटरमधला चिकट थर संध्याकाळी घरी दिसला. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे जुने इंधन काढून टाकावे, टाकीच्या तळाशी साचलेले पाणी पुसून घ्यावे आणि फिल्टर बदलावा. दोन-स्ट्रोक इंजिनात लिटरला २० मिलिलिटर तेल म्हणजे ५० ला १ हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी चालते, पण आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच खरे; तेल कमी पडले की पिस्टन अडकतो आणि जास्त झाले की प्लग काळे पडतात. खालच्या भागातील गिअर ऑइल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले, तर सीलमधून पाणी आत गेले आहे आणि अशा इंजिनाने खाडीच्या मुखापलीकडे जाऊ नये. थंड पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी चकती बंदीचे दोन महिने एकाच बाजूला दाबून राहिल्याने वाकडी होते, म्हणून ती दरवर्षी नवीच घालावी. शेवटी गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन बुडवून दहा मिनिटे चालवावे आणि बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार सलग येते का ते पाहावे. मनगटाला बांधायची, ओढताच इंजिन बंद करणारी दोरी खिळ्याला टांगून ठेवणारे पुष्कळ आहेत. एकटा माणूस पाण्यात पडला की होडी त्याला सोडून निघून जाते, एवढेच त्यांना सांगावे.

जाळे उंदरांनी, उन्हाने आणि ओलाव्याने खराब होते. यांपैकी ऊन सर्वांत लबाड, कारण नायलॉनचा रंग तसाच राहतो आणि ताकद गेलेली असते. परीक्षा सोपी आहे. जाळ्याच्या वेगवेगळ्या पाच-सहा जागी एकेक आस, म्हणजे जाळ्याचे एक छिद्र, दोन्ही हातांनी ताणावा. धागा गाठीपाशी कटकन तुटू लागला, तर शिवत बसण्यात अर्थ नाही, तेवढा पट्टाच काढून नवे जाळे जोडावे. जोडताना दोरीला जाळे ढिले बांधले पाहिजे. साधारणपणे ५० मीटर दोरीवर १०० मीटर जाळे बसवले, की आस मोकळा उघडतो; फारच ताणले, तर तो चिंचोळा होतो आणि मासा तोंड घालण्याऐवजी धडकून परततो. वरचे बोये आणि खालचे शिशाचे गोळे मोजून घ्यावेत. दहा बोये हरवलेले जाळे मध्येच बुडते आणि मग लोक माशांना शिव्या देतात. दोन्ही टोकांच्या मोठ्या बोयांवर होडीचा नोंदणी क्रमांक ठळक रंगवावा, कारण तुटून वाहत गेलेले जाळे परत मिळण्याची तीच एक वाट असते.

जाळ्यात कासव अडकण्याची शक्यता गृहीत धरूनच एक धारदार सुरी वरच ठेवावी. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची राज्याची योजना २०१८ पासून आहे. तेव्हा आधी मोबाइल काढावा आणि मग सुरी, पण दोन्ही लवकर.

खाडीतील पिंजऱ्यांना, रायगडकडच्या भाषेत फगांना, जाळ्यापेक्षा कमी पैसा आणि जास्त लक्ष लागते. गंजलेली कडी बदलावी, प्रत्येक पिंजऱ्याला ओहोटीच्या तळापर्यंत पुरेल एवढी दोरी बांधावी आणि आमिषाला ताज्या माशाचे डोके वापरावे. कुजलेल्या आमिषावर चिंबोरी येते हा समज मला तरी खरा ठरलेला दिसला नाही. एक दार सुती सुतळीने बांधावे, म्हणजे पिंजरा हरवलाच तर सुतळी कुजून दार उघडते आणि आत चिंबोऱ्या मरत राहत नाहीत. पोटाखाली अंडी धरलेली मादी जागच्या जागी सोडावी. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असे आमच्याकडे मानतात. खरे-खोटे काहीही असो, गिऱ्हाईक त्याच हिशेबाने भाव करते. पिंजरे लावण्यासाठी कांदळवनाची फांदी तोडू नये, तो गुन्हा आहे आणि चिंबोरीचे घरही तेच आहे.

पहिल्या फेरीचा दिवस ठरवताना तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाच्या सुमारास भरती; पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा. बंदरागणिक थोडा फरक पडतो, तो एकदा पाहून लक्षात ठेवावा. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी वाळूचा पट्टा सरकलेला असतो आणि गेल्या वर्षीची खूण या वर्षी चुकीची ठरते, म्हणून पहिली फेरी भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याच्या, दिवसांत, चढत्या भरतीवर आणि जाळ्याविना करावी. एकाने बांबूने खोली मोजत जावे. हवामान खात्याने ताशी ४५ किलोमीटरपेक्षा जास्त वाऱ्याचा इशारा दिला असेल, तर विषयच संपला. पण छोट्या होडीने त्याहून बऱ्याच कमी वाऱ्यालाही घरी बसावे. ऑक्टोबरनंतर पहाटे मतलई वारे सुरू झाले, की समुद्र काचेसारखा दिसतो, तरी फयान वादळ आले होते ते ११ नोव्हेंबर २००९ ला, हे विसरू नये.

होडीत प्रत्येकाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट, वल्ही, नांगर, पाणी उपसायचे भांडे, जलरोधक पिशवीतला मोबाइल आणि पिण्याचे पाणी असावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीच्या आतल्या बाजूला रंगानेच लिहून ठेवावा. इंधनाचे तीन भाग करावेत : एक जायला, एक यायला, एक वाऱ्याला. बर्फ माशाच्या वजनाइतका न्यावा. बांगडा उन्हात तासभर राहिला तरी चवीतून आणि पोटातून समजते.

परतल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवावे, जाळे सावलीत पसरावे आणि कुठे, किती वाजता, कोणत्या तिथीला काय मिळाले ते वहीत लिहावे. माझी वही तीन वर्षांची झाली आहे. या वर्षी तिच्यातले पहिले पान काढले, तेव्हा आपण नेहमी सप्तमीलाच रिकामे का परततो ते कळले : आमचे जाळे पडेपर्यंत ओहोटी निम्मी उलटलेली असे.