हार्ड डिस्क जायला लागलीये? दुरुस्ती नंतर, आधी अख्खी कॉपी काढा

फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतायत, कॉपीची हिरवी पट्टी अर्ध्यात अडकून बसते आणि मधूनच विंडोज विचारतं की ड्राइव्हमध्ये प्रॉब्लेम आहे, स्कॅन करून फिक्स करू का. तिथे सरळ नाही म्हणायचं. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) नाही, डिफ्रॅग (डिस्कवरचा डेटा नीट रचून ठेवणारं) नाही, आणि रिकव्हरीचं कुठलंतरी फुकट सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करणं तर अजिबातच नाही. चेकडिस्कला फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्याची नोंदवही, सरळ करायची असते, तुमच्या फोटोंशी त्याचं काही देणंघेणं नसतं, ज्या नोंदी वाचता येत नाहीत त्या ते खुशाल उडवतं आणि हे सगळं लिहितं त्याच आजारी डिस्कवर. डिस्कमध्ये किती जीव उरलाय ते कोणीच सांगू शकत नाही, म्हणून जो काही उरलाय तो कॉपी काढण्यातच घालवायचा.

आता दुखणं नक्की डिस्कचंच आहे का ते बघा. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) उघडा, त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ मोजणी, हेक्समध्ये (आकडे आणि ए ते एफ अक्षरं) दिसते त्यामुळे सगळी शून्यं असतील तर ठीक, शेवटी काही आकडा असेल तर कामाला लागा. या तिन्ही शून्य आणि फक्त सी७ (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुका) वाढलेला असेल तर बहुतेक वेळा डेटा केबलचा घोळ असतो, केबल बदलून बघा, कदाचित एवढ्यावरच भागेल.

आणि आतून टक-टक-टक आवाज येत असेल तर पुढचं काहीच करू नका, वीज काढा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे न्या (खर्च बराच येतो, आधी विचारून घ्या). डेटा वाचणारं हेड फिरणाऱ्या प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, तिथे धुळीचा एक कणही डोंगर, त्यामुळे घरी स्क्रू काढून आत डोकवायचं नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजूनही कोणी ना कोणी सुचवतंच, पण बाहेर काढल्यावर आत दव धरतं, तेव्हा तोही नको.

आवाज नाही, डिस्क दिसतेय, पण रडतखडत चालतेय, अशांसाठी डीडीरेस्क्यू. हे खराब डिस्कची कॉपी काढणारं, लिनक्सवरचं (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) फुकट टूल आहे. सिस्टमरेस्क्यू नावाची लाइव्ह सिस्टीम (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स) पेनड्राइव्हवर टाकली तर त्यात ते आधीपासूनच असतं, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) वापरत असाल तर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, पण कमांड डीडीरेस्क्यूच. नवीन डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, एक सेक्टरही कमी चालत नाही. शिवाय मॅपफाइल (कुठवर कॉपी झाली त्याची नोंद) ठेवायला आणखी एक पेनड्राइव्ह घ्या. शक्यतो जुनी डिस्क यूएसबी केसमधून बाहेर काढून डेस्कटॉपच्या साटा पोर्टला (मदरबोर्डवरची डिस्क लावायची जागा) लावा, खराब सेक्टर आला की यूएसबीचं सर्किट अनेकदा लटकतं. (काही पोर्टेबल ड्राइव्हमध्ये यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतो, तिथे इलाज नाही, तशीच लावा.) बाजूला टेबलफॅन सोडा, आणि यूपीएस असेल तर फारच छान.

आता सगळ्यात धोक्याची जागा. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं आणि ती दर वेळी तीच राहतील याची खात्री नसते. एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी) कमांडला साइझ, मॉडेल आणि सिरियल नंबर दाखवायला सांगा आणि तो नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळवून कागदावर लिहा, जुनी कुठली, नवी कुठली. डीडीरेस्क्यूमध्ये आधी जुनी मग नवी असा क्रम असतो, उलटा झाला तर कोऱ्या डिस्कची शून्यं तुमच्या डेटावर लिहिली जातात आणि मग कोणीच काही करू शकत नाही. डेस्कटॉपवर जुन्या डिस्कचा आयकॉन दिसला तरी क्लिक करून उघडू नका.

कमांड अशी: सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने चालव) डीडीरेस्क्यू, स्पेस, डॅश एफ, डॅश एन, मग जुनी डिस्क, मग नवी डिस्क, शेवटी पेनड्राइव्हवरच्या मॅपफाइलचा पूर्ण पाथ. डॅश एफ म्हणजे नव्या डिस्कवर लिहायला परवानगी, डॅश एन म्हणजे हट्टी जागा आत्ता खरवडत बसू नको. साधी कॉपी पहिल्याच खराब सेक्टरवर डोकं आपटत बसते, हे मात्र तो भाग ओलांडून पुढे जातं, चांगलं आहे ते आधी उचलतं आणि काय राहिलं त्याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तीच कमांड परत द्यायची, पुढे चालू. मॅपफाइल लाइव्ह सिस्टीमच्या डेस्कटॉपवर ठेवलीत तर रीस्टार्टला गेलीच समजा.

वेळेचं म्हणाल तर १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने तीनेक तासांत होते, पण वेग ५ एमबीवर आला की तेच काम ५५ तासांवर जातं, तेव्हा पट्टीकडे बघत बसू नका, जेवून झोपा. लक्ष ठेवायचं ते शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झालं त्या आकड्यावर. वेग शून्य, हा आकडा वाढतोय आणि एररही धडाधड वाढतायत, तर डिस्क बहुधा गायबच झालीये. कंट्रोल सी दाबा, मशीन बंद करा, डिस्क थंड होऊ द्या, परत चालू केल्यावर नावं पुन्हा तपासा आणि पुढे जा. एकाच जागी वारंवार अडत असेल तर डॅश कॅपिटल आर लावून शेवटाकडून उलटं वाचायला लावा, बरंच काही निघतं.

पहिला फेरा झाला की डॅश एन काढून डॅश डी (थेट डिस्कवरून वाच) आणि डॅश आर ३ (तीनदा प्रयत्न) लावा, मॅपफाइल तीच. आता ते उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करेल. काही केबी राहिले तर मी तिथेच थांबतो, तेवढ्यासाठी डिस्कला आणखी छळण्यात अर्थ नाही.

मग मशीन बंद, जुनी डिस्क काढून बाजूला, आणि नंतरच विंडोज चालू करायचं, कारण दोन्हींची ओळख आता सारखीच आहे आणि एकत्र दिसल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करून टाकतं. चेकडिस्क आता चालवा, नव्या डिस्कवर. पार्टिशनच (सी, डी असे डिस्कचे भाग) दिसत नसेल तर ते शोधून देणारं टेस्टडिस्क वापरा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) असेल तर कॉपीलाही तेच कुलूप, ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा.

फाइल नुसत्या दिसतायत म्हणून खूश होऊ नका, उघडून बघा, मोठे व्हिडिओ आणि टॅलीचा डेटा विशेषतः. जुनी डिस्क तोवर कपाटात ठेवा. वॉरंटीत असेल तर एक विचार करा, बदलून नवी मिळते खरी पण जुनी तुमच्या सगळ्या कागदपत्रांसकट त्यांच्याकडे जाते आणि एवढी खराब डिस्क धड पुसताही येत नाही. आत बँकेचं, आधारचं काही असेल तर मी वॉरंटीवर पाणी सोडेन आणि ड्रिलने प्लेटमधून दोन-तीन भोकं पाडून मगच भंगारात देईन.