परदेशी विद्यार्थ्यांसोबत साताऱ्याहून कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाची सहल कशी आखावी

सर्वप्रथम वार ठरवावा. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते आणि रविवारच्या गर्दीत तीस जणांचा गट एकत्र ठेवता येत नाही, म्हणून मंगळवार किंवा गुरुवार सोयीचा. सातारा ते कात्रज हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. उन्हे चढल्यावर वाघ आणि अस्वले सावली धरून पडून राहतात. त्यामुळे सकाळी साडेसहालाच बस काढून दरवाजे उघडताच आत जावे.

सहल एका दिवसात उरकावी. मुक्काम केल्यास लॉजचालकाला प्रत्येक परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत सरकारकडे नोंदवावी लागते. मुक्काम नसला, तरी पासपोर्ट व व्हिसाच्या छायाप्रती गटप्रमुखाकडे असाव्यात.

परदेशी नागरिकांसाठी तिकिटाचा दर वेगळा आहे. हा फरक खिडकीसमोर पाहुण्यांकडून मागणे बरे दिसत नाही. तो आधीच एकूण खर्चात धरून सर्वांची वर्गणी सारखी ठेवावी.

जेवणाची चौकशी मात्र आठवडाभर आधी करावी आणि तीही नेमकी करावी. 'तिखट चालेल का?' एवढे विचारून आपण थांबतो. पण आपल्याकडे भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत सर्वत्र शेंगदाण्याचे कूट पडते, आणि ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या ते जिवावर बेतू शकते. ॲलर्जी असल्यास त्या पाहुण्याचा डबा वेगळ्या भांड्यांत करावा, स्वयंपाकात शेंगदाणा तेलही वापरू नये आणि त्याचे औषध कोणत्या खिशात आहे हे सोबत्याला माहीत असावे. इतरांसाठी दशम्या, दही, केळी आणि हवेतच म्हणून कंदी पेढे पुरेत.

प्रत्येक पाहुण्याला एक स्थानिक सोबती द्यावा आणि त्या सोबत्याने एकाच प्राण्याची नीट माहिती करून घ्यावी. वाघ-सिंह पाहुण्यांना ठाऊक असतात. महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलातला गवा, राज्यप्राणी शेकरू किंवा नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांमधला फरक सांगणारा कोणी भेटला, तर १३० एकरांची पायपीट त्यांना जाणवत नाही.

प्राण्यांना खाऊ घालणे किंवा डिवचणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे बसमध्येच सर्वांना सांगावे. आपल्या मुलांना ते अधिक ठासून सांगावे लागते! शिवाय, अनोळखी लोक पाहुण्यांभोवती सेल्फीसाठी गर्दी करतात आणि पिंजऱ्यातला वाघ राहतो बाजूला. पाहुण्यांना 'नको' हा शब्द आधी शिकवावा आणि तरीही कोणी हटले नाही, तर सोबत्याने मध्ये पडावे.

दुपारी तीनला दरवाजापाशी जोडीजोडीने मोजणी करून निघावे. संध्याकाळी पुण्यातून बाहेर पडणाऱ्या वाहनांमागे अडकल्यास खंबाटकी घाट चढेपर्यंत अंधार होतो.