खेळाडू, बॅरिस्टर, वसाहतमंत्री: व्हिक्टोरियन काळातल्या एका माणसाचं चरित्र कसं उभं करावं

माझा पेशा वकिलीचा. जुन्या खेळाडूंची चरित्रं लिहिणं हा माझा छंद. अलीकडे काही तरुण मित्रांनी विचारलं की एकोणिसाव्या शतकातला एखादा इंग्रज फुटबॉलपटू, जो पुढे वकील झाला आणि मग राजकारणात गेला, त्याच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करायची. असे बरेच जण होते. जॉन रॉलिन्सन हे १८८२ मध्ये बेलफास्टला इंग्लंडने आयर्लंडवर १३-० असा विजय मिळवला तेव्हा गोलरक्षक होते, आणि पुढे १९०६ ते १९२६ अशी वीस वर्षं केंब्रिज विद्यापीठाचे खासदार. पण शिकायला सगळ्यांत चांगला माणूस म्हणजे अल्फ्रेड लिटलटन. फुटबॉल आणि क्रिकेट या दोन्ही खेळांत इंग्लंडकडून खेळलेला पहिला माणूस, बॅरिस्टर, आणि १९०३ ते १९०५ या काळात ब्रिटनचा वसाहतमंत्री. त्यांच्याविषयी कागद भरपूर आहेत. अडचण अशी की त्यातले बरेचसे कागद त्यांच्या माणसांनीच लिहिलेले आहेत.

म्हणून पहिलं काम साक्षीदारांची यादी करणं, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं नातं लिहिणं. कोर्टात साक्षीदार उभा राहिला की आपण आधी पक्षकाराशी त्याचा संबंध विचारतो, तसंच. लिटलटन १९१३ मध्ये वारले तेव्हा पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, त्यांचा अपार गौरव केला. विरोधी पक्षातल्या माणसाबद्दल पंतप्रधान इतकं बोलले, म्हणजे ते खरंच असणार, असं पहिल्या वाचनात वाटतं. पण लिटलटन यांची पहिली पत्नी लॉरा टेनंट आणि ॲस्क्विथ यांची पत्नी मार्गो टेनंट या सख्ख्या बहिणी. म्हणजे दोघे साडू. १९१७ मध्ये आलेलं त्यांचं चरित्र दुसऱ्या पत्नीने, एडिथ यांनी लिहिलेलं. लिबरल पक्षाचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या रोजनिशीत लिटलटन कुटुंबाचे उल्लेख येतात, तर ग्लॅडस्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान. यातलं काही टाकून द्यायचं नाही. घरच्या माणसांना जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. फक्त त्यावर एकट्यावर निकाल द्यायचा नाही, त्याला स्वतंत्र दुजोरा शोधायचा.

दुसरं काम नावाची खातरजमा. हे कंटाळवाणं वाटतं, पण इथे घसरलात तर पुढचं सगळं चुकतं. लिटलटन हे आठ भाऊ, आणि त्यातल्या तिघांच्या नावाचं पहिलं अक्षर 'ए': आर्थर, अल्बर्ट आणि अल्फ्रेड. त्या काळच्या वर्तमानपत्रांत संघाच्या यादीत 'ए. लिटलटन' एवढंच छापलेलं असतं. धाकट्यांपैकी एडवर्ड यांनीही १८७८ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध फुटबॉल खेळला आणि पुढे ते ईटन या प्रसिद्ध शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यामुळे वर्ष, महाविद्यालय आणि सोबतचे खेळाडू जुळल्याशिवाय कोणतीही नोंद अल्फ्रेड यांच्या खात्यावर टाकू नका. आडनावाच्या स्पेलिंगमध्येही गोंधळ आहे. दोन 'टी'नंतर आधी 'ई' आणि मग 'एल' येतो, पण छापखान्यांनी अनेकदा ते उलट केलं. डिजिटल संग्रहात दोन्ही प्रकारे शोधा. आणखी एक धोका टोपणनावांचा. एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेच्या १८७२ च्या पहिल्या अंतिम सामन्यात विजयी गोल 'ए. एच. चेकर' या नावावर आहे. प्रत्यक्षात तो मॉर्टन बेट्स यांचा. ते हॅरो चेकर्स या संघाचे होते, त्यावरून ते नाव घेतलेलं.

लिटलटन केंब्रिजला शिकले, आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची जुनी नोंदवही आता संगणकावर शोधता येते. तिच्यात जन्म, शाळा, महाविद्यालयातला प्रवेश, बॅरिस्टर झाल्याची तारीख असं सगळं एका परिच्छेदात मिळतं. इनर टेंपल या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेच्या प्रवेशनोंदीही पाहाव्यात. लिटलटन १८८१ मध्ये तिथून बॅरिस्टर झाले. एवढा सांगाडा हातात आला की मग मैदानाकडे वळा.

मैदानावरच्या बातम्या वाचताना तो खेळ आजचा नव्हे हे सतत लक्षात ठेवावं लागतं. शर्टावर क्रमांक नव्हते. गोल कोणाचा हे गर्दीतून बातमीदाराला नीट दिसलं नाही तर 'झटापटीत गोल झाला' एवढंच लिहिलेलं सापडतं. गोलखांबांवर आडवी दांडी सक्तीची झाली ती १८८२ मध्ये, त्याआधी फीत बांधूनही भागत असे. शिवाय 'फुटबॉल' हा शब्द दिसला म्हणून तो असोसिएशनचाच, म्हणजे आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तोच, खेळ असेल असं नाही. रग्बीवालेही आपल्या खेळाला तेच म्हणत. लिटलटन यांचा एकच आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना नोंदलेला आहे: ३ मार्च १८७७, केनिंग्टन ओव्हल, स्कॉटलंडविरुद्ध. इंग्लंड १-३ असं हरलं आणि इंग्लंडचा तो एकमेव गोल लिटलटन यांचा.

याच सामन्याचा एक किस्सा हमखास तुमच्यासमोर येईल. लिटलटन चेंडू कोणाकडे देत नव्हते, म्हणून त्यांच्याच संघातल्या शेफील्डच्या बिली मॉसफर्थने तक्रार केली, तेव्हा आपण केवळ स्वतःच्या आनंदासाठी खेळतो असं त्यांनी उत्तर दिलं, असं सांगतात. किस्सा सुंदर आहे आणि एका वाक्यात त्या काळातला वर्गभेद उघडा करतो. ईटनमध्ये चेंडू पायाशी ठेवून एकट्याने पुढे घुसण्याला मान होता, शेफील्डकडे आणि स्कॉटलंडमध्ये चेंडू एकमेकांना देत पुढे जाण्याची पद्धत रुजत होती. पण कायद्याच्या भाषेत हा ऐकीव पुरावा. त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात तो सापडतो का ते पाहा. सापडला नाही तर 'असं सांगितलं जातं' ही तीन अक्षरांची नव्हे, तीन शब्दांची ढाल वापरून तो लिहा, कारण तो गाळणंही योग्य नाही.

क्रिकेटची आकडेवारी मात्र भक्कम आहे. १८८४ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने ५५१ धावा केल्या आणि इंग्लंडच्या अकराही खेळाडूंनी गोलंदाजी केली. यष्टिरक्षक लिटलटन यांनी पॅड न काढता खालून टाकलेल्या उंच चेंडूंवर १९ धावांत ४ बळी घेतले, आणि त्या वेळी यष्टींमागे डब्ल्यू. जी. ग्रेस उभे होते. इथे एक खबरदारी घ्यायची: तेव्हा इंग्लंडमध्ये षटक चार चेंडूंचं असे. षटकांना सहाने गुणून चेंडू मोजलेत तर गणित चुकेल.

आता मी जे सांगतो ते या सगळ्या कामाचं मर्म आहे असं मला मनापासून वाटतं. खेळाची वही, वकिलीची वही आणि घरची वही अशा तीन वेगळ्या वह्या ठेवू नका. एकच लांब कागद घ्या आणि सगळ्या तारखा एकाच रेषेवर मांडा.

१८७६ पाहा. एफए कपच्या अंतिम फेरीत ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ, विरुद्ध वाँडरर्स. ११ मार्चला १-१ अशी बरोबरी, १८ मार्चला फेरसामना, त्यात ०-३ असा पराभव. अल्फ्रेड आणि एडवर्ड हे दोघेही भाऊ संघात. खेळाच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. घरच्या कागदांत १९ एप्रिलला त्यांचे वडील, लॉर्ड लिटलटन, यांनी लंडनच्या घरात जिन्यावरून स्वतःला झोकून देऊन जीव दिला. ते दीर्घकाळ खिन्नतेच्या आजाराने ग्रासलेले होते. आई तर अल्फ्रेड जन्मले त्याच वर्षी, १८५७ मध्ये, गेलेली. एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि कपचा अंतिम सामना व वडिलांचा मृत्यू यांत जेमतेम महिन्याचं अंतर.

किंवा १८८२. त्या वर्षी ते ॲटर्नी जनरल सर हेन्री जेम्स यांचे कायदेविषयक सचिव झाले. ६ मे रोजी डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश यांचा खून झाला. ते अल्फ्रेड यांच्या बहिणीचे, ल्यूसी यांचे पती. आणि ऑगस्टच्या अखेरीस ओव्हलवर इंग्लंड सात धावांनी हरलं तो 'ॲशेस'चा सामना, त्यातही यष्टिरक्षक अल्फ्रेडच. पुढे १८८५ च्या मे महिन्यात लॉराशी लग्न, एप्रिल १८८६ मध्ये बाळंतपणात तिचा मृत्यू, १८८८ मध्ये ते मूलही गेलं. आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर लिबरल पक्ष फुटला तो याच १८८६ सालात, आणि पुढे लिटलटन गेले ते ग्लॅडस्टन यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लिबरल युनियनिस्टांकडे. या सगळ्यांतून एकमेकांची कारणं शोधायची घाई करू नका. पण रेषेवर शेजारीशेजारी आलेल्या घटना वाचकाला शेजारीशेजारी दिसू द्या.

वकिलीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण इथे सामग्री कोरडी आहे. छापील निवाड्यांत युक्तिवाद करणाऱ्या वकिलांची नावं असतात, त्यावरून कोणत्या प्रकारचे दावे ते चालवत हे कळतं. आधी हेरफर्डचे आणि १८९४ पासून ऑक्सफर्डचे ते रेकॉर्डर होते, म्हणजे वकिली सांभाळून ठरावीक काळ बसणारे शहराचे न्यायाधीश. १९०० मध्ये ते 'क्वीन्स काउन्सेल' झाले, म्हणजे त्यांना ज्येष्ठ बॅरिस्टरची पदवी मिळाली. पुढच्याच जानेवारीत व्हिक्टोरिया राणी वारली आणि तीच पदवी 'किंग्ज काउन्सेल' झाली, म्हणून दोन्ही लघुरूपं दिसली तर दोन वेगळे सन्मान समजू नका.

प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न मात्र विचाराच: या माणसाच्या वेळेचे पैसे कोण देत होतं? फुटबॉल खेळण्याचे पैसे घ्यायला इंग्लंडमध्ये अधिकृत परवानगी मिळाली १८८५ मध्ये. खासदारांना पगार सुरू झाला १९११ मध्ये, वर्षाला ४०० पौंड. त्याआधी या दोन्ही ठिकाणी पुढे येत ते मुख्यतः ज्यांच्या घरी दुसरी सोय होती किंवा ज्यांचा पेशा चांगला चालत होता असे लोक. लिटलटन १८९५ मध्ये वॉरिक आणि लेमिंग्टनमधून निवडून आले तेव्हा वकिलीच्या मिळकतीचा आधार पाठीशी होता. हा प्रश्न विचारला नाही तर निखळ खेळाडूवृत्तीचं कौतुक करता करता तिची किंमत कोणाला परवडत होती हे लिहायचं राहून जातं.

आता राजकारण, आणि इथे घाई करू नका. ऑक्टोबर १९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेन यांच्या जागी ते वसाहतमंत्री झाले. बोअर युद्धानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींना मजूर हवे होते. १९०४ मध्ये चिनी मजूर आणण्याच्या कायद्याला लंडनहून संमती मिळाली ती लिटलटन यांच्या खात्याकडून. तीन वर्षांचा करार, फक्त अकुशल काम, खाणीच्या आवारातच राहणं, परवान्याशिवाय बाहेर पडायचं नाही, मुदत संपली की सक्तीने परत. साठ हजारांहून अधिक माणसं अशी नेली गेली. न्यायाधीशासमोर न नेता त्यांना फटके मारले जात होते हे १९०५ मध्ये उघड झालं. जानेवारी १९०६ च्या निवडणुकीत 'चिनी गुलामगिरी' ही घोषणा देशभर गाजली आणि लिटलटन स्वतःच्या मतदारसंघात पडले. काही महिन्यांतच लंडनच्या सेंट जॉर्जेस, हॅनोव्हर स्क्वेअर मतदारसंघातून ते परत आले.

मृत्युलेखांत या प्रकरणाला दोन ओळी मिळतात, मैदानाला दोन परिच्छेद. तुम्ही तसं करू नका. हॅन्सार्ड, म्हणजे संसदेचा वृत्तांत, आता फुकट वाचता येतो. त्यात १९०४ आणि १९०५ मधली त्यांची उत्तरं तारीखवार वाचा. मात्र १९०९ पूर्वीचा हॅन्सार्ड शब्दशः नाही, तो बऱ्याच अंशी वर्तमानपत्रांच्या वृत्तान्तांवरून जुळवलेला असे. त्यामुळे त्यातलं वाक्य अवतरणचिन्हांत घालण्याआधी त्या दिवसाच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहा. ट्रान्सवालचा मूळ पत्रव्यवहार लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'सीओ २९१' या मालिकेत आहे. सभागृहात मंत्री काय बोलले आणि फाईलवर त्यांनी काय शेरा मारला, हे समोरासमोर ठेवून वाचलं की माणूस कळतो. मराठी वाचकाने आणखी एक वाट सोडू नये. त्याच वर्षांत गांधीजी जोहान्सबर्गला वकिली करत होते आणि ट्रान्सवालमधल्या भारतीयांच्या हक्कांसाठी लिहीत होते. त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १९०३ ते १९०५ च्या खंडांत वसाहतमंत्री लिटलटन यांचं नाव येतं. हा साक्षीदार ना साडू, ना मावशीचा नवरा.

शेवटी मृत्यूचा कागद. इंग्लंडमध्ये १८३७ पासून मृत्यूची नोंद सरकारी दप्तरात होते आणि दाखल्यावर कारण लिहिलेलं असतं. लिटलटन ५ जुलै १९१३ रोजी वारले, वय ५६. क्रिकेट खेळताना चेंडू लागला आणि पोटात गळू झालं, असं चरित्रकार सांगतात. हा तपशील इतका चपखल आहे की तो दाखल्याशी आणि त्या आठवड्याच्या बातम्यांशी ताडल्याशिवाय लिहू नये. मग १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांच्या वार्षिक यादीत मालमत्तेची रक्कम पाहा, आणि मुलांकडे नजर टाका: १८९३ मध्ये जन्मलेला ऑलिव्हर पुढे १९५१ ते १९५४ या काळात वडिलांच्याच खुर्चीवर, वसाहतमंत्री म्हणून बसला.

लिहायला बसाल तेव्हा जन्मापासून सुरुवात करू नका. १९०३ ते १९०५ चं प्रकरण आधी लिहून काढा, कारण ते सगळ्यांत अवघड आहे आणि थकल्यावर लिहिलं तर त्याचे दोन परिच्छेद होतात. ओव्हलचा गोल आणि ते ४ बळी नंतर लिहिता येतील.