फेरीबोटीला वेळ आहे? पिरेअसचं म्युझियम बघा

अथेन्सहून बेटांवर जाताना पिरेअस बंदरात हाताशी तीन-चार तास असतील तर कॅफेत बसून घालवू नका, सरळ तिथलं पुरातत्त्व म्युझियम गाठा. मेट्रोने दिमोतिको थेआत्रोला उतरलात की पुढे चालत जाता येतं. 1959 मध्ये रस्ता खणताना सापडलेले ब्राँझचे पुतळे इथे आहेत, त्यातला ग्रीक देव अपोलोचा पुतळा इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला, त्याच्या डाव्या मुठीत धनुष्याचा तुकडा अजून आहे तो जवळ जाऊन नक्की बघा, आणि अथेना देवीच्या पुतळ्याच्या शिरस्त्राणावरची घुबडंही. एवढे मोठे ब्राँझ फार कमी उरलेत हो, बहुतेक वितळवले गेले. शेजारीच झेआचं (झेआ म्हणजे पिरेअसचं एक जुनं बंदर) प्राचीन थिएटर आहे. सुट्टीचा वार आणि वेळ आधी चेक करा, मोठ्या बॅगा मात्र लॉकरमध्ये ठेवूनच निघा.